दिल्लीत आपल्यासाठी कोण बोलतं? खान्देशातल्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरात मी बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावरही प्रश्न विचारणारे थांबले नाहीत. तेव्हा बाकावरून विचारायचे, आता ओट्यावर बसून विचारतात. अधिवेशन सुरू झालं, टीव्हीवर एखाद्या खासदाराचं भाषण गाजलं, की दुसऱ्या दिवशी चार जण येतात. त्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न आणि मला देता आलेली उत्तरं इथे एकत्र करून ठेवतो आहे.

रस्ता, पाणी, कापसाचा आणि केळीचा भाव सोडून आपल्या खासदारानं सीमेवरच्या गोष्टी कशाला बोलाव्यात?

कारण सीमा आपल्या घरात आहे. पहाटे पाच वाजता धुळे, शिरपूर, पारोळा कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतील. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि त्यांचं सगळं गणित बदललं. आता ४ वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम होण्याची संधी. उरलेली पोरं गावी परतल्यावर काय करणार, हा लष्कराच्या धोरणाचा प्रश्न आहे, तितकाच तो पारोळ्याच्या एका घराचाही आहे.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा एक जवान नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेला. २१ जानेवारी २०१७ ला तो परत आला. मधले जवळपास चार महिने अख्खा जिल्हा श्वास रोखून होता. त्या दिवसांत 'सीमेचं आपल्याला काय' असं म्हणणारा माणूस मला भेटला नाही.

आणि ही सवय आपल्या मातीची आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तिथे शेतकऱ्यांच्या कर्जाचा आणि शेतसाऱ्याचा कार्यक्रम ठरला आणि त्याच मांडवात फॅसिझमबद्दल, स्पेनमधल्या युद्धाबद्दलही बोलणं झालं. खेड्यात बसून जगाचा विचार करण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

खान्देशातल्या कुणी आजवर या विषयांत काम केलंय का?

केलं आहे. नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण ती एकत्र ठेवून कुणी बघत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावला जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावमधून आणि नंतर एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, आमदार झाल्या. १९८६ ते १९८८ या काळात त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, म्हणजेच तिन्ही सेनादलांच्या सरसेनापती. नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केलं, तेव्हा त्यांचं वय ७४ होतं.

नंदुरबारचे माणिकराव गावित ९ वेळा लोकसभेवर निवडून गेले. २००४ नंतर काही वर्षं ते केंद्रात गृह राज्यमंत्री होते. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे पेशानं कर्करोगाचे शल्यचिकित्सक. जुलै २०१६ ते मे २०१९ ते संरक्षण राज्यमंत्री होते. बोरविहीरच्या जवानाचा विषय त्यांच्याच काळातला, आणि आपल्या जिल्ह्याचा माणूस त्या खात्यात आहे याचा लोकांना केवढा आधार वाटला होता ते मी पाहिलं आहे. मुंबईतल्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा आणि २६/११ च्या हल्ल्याचा खटला चालवणारे उज्ज्वल निकम जळगावचे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केलं.

यांचे पक्ष वेगळे, मतं वेगळी. मी कुणाची तरफदारी करत नाही. एवढंच सांगायचं आहे की दिल्लीतल्या गंभीर विषयांवर बोलायला खान्देशची माणसं कमी पडत नाहीत. त्यांच्या हातात आपण काय देतो, हा खरा प्रश्न आहे.

संरक्षण हा केंद्राचा विषय. मग आमदारानं त्यावर का बोलावं?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. संरक्षण केंद्राच्या सूचीत आहे. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन विषय राज्याच्या सूचीत आहेत, आणि फौजदारी कायदा व प्रतिबंधात्मक स्थानबद्धता दोघांच्या सामाईक सूचीत. गावातला माणूस 'सुरक्षा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा हेच असतं: पोलीस, दंगल, अफवा, हत्यारं.

चोपडा, शिरपूरकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. सातपुड्यात मध्य प्रदेशची हद्द लागते आणि तिकडून गावठी कट्टे येतात. पकडणारे पोलीस एका राज्याचे, बनवणारा दुसऱ्या राज्यातला. इथे आमदारानं विधानसभेत विचारलं पाहिजे आणि खासदारानं लोकसभेत. एकानं बोलून हा प्रश्न सुटणार नाही.

जनसुरक्षा विधेयक आठवा. ते जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलं. त्याआधी ते संयुक्त समितीकडे होतं आणि समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. कुठली संघटना बेकायदा ठरवायची, कुणी ठरवायची, दाद कुठे मागायची, हे थेट नागरिकाच्या स्वातंत्र्याचे प्रश्न मुंबईच्या विधान भवनात ठरत होते. तेव्हा आपला आमदार काय बोलला, हे आपण किती जणांनी तपासलं?

राज्याच्या अधिकाराला मर्यादाही आहे. महिलांवरील अत्याचारांविरोधातलं शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं. पण त्यानं केंद्राच्या फौजदारी कायद्यांत बदल होणार होता, म्हणून राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही आणि कायदा अमलात आला नाही.

विधानसभेनं ठराव केला तर केंद्राला तो मानावा लागतो का?

नाही. तो आग्रह असतो, आदेश नसतो. महाराष्ट्र विधानसभेनं ८ जानेवारी २०२० ला जातनिहाय जनगणनेची मागणी करणारा ठराव केला. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीनं तो निर्णय घेतला ३० एप्रिल २०२५ ला. ठरावामुळेच निर्णय झाला असं मी म्हणणार नाही. पण मागणी कागदावर होती, तारखेसह होती.

खासदाराला बोलायला मिळतं तरी किती आणि कसं?

लोकसभेत ५४३ जागा, त्यातल्या आपल्या चार: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. मोठ्या चर्चेत वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. जुलै २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला आणि ऑपरेशन सिंदूर यांवर लोकसभेत चर्चा झाली, त्यासाठी १६ तास ठेवले होते. १६ तास ऐकायला भरपूर वाटतात, पण पक्षांत वाटून झाल्यावर एकेका सदस्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. म्हणून नुसती टीव्हीवरची मोठी चर्चा बघून 'आपला खासदार गप्प बसला' असा निष्कर्ष काढू नका.

खरी ताकद प्रश्नांत आहे. दिवसाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो, त्यावर लगेच पुरवणी प्रश्न विचारता येतात. असे दिवसाला २० प्रश्न सोडतीनं ठरतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, असे २३० पर्यंत असतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. मला विचाराल तर अतारांकित प्रश्न सगळ्यात कमी लेखला जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. त्यात टाळ्या नसतात, पण आकडा मिळतो आणि त्याखाली सरकारची जबाबदारी असते.

याखेरीज शून्य प्रहर आहे, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ; नियम ३७७ खाली मांडायचा विषय आहे; लक्षवेधी आहे, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणारी सूचना; आणि नियम १९३ ची, मतदान न घेता होणारी अल्पकालीन चर्चा आहे. शुक्रवारी दुपारनंतर खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची, विधेयकं येतात. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकंच कायदा होऊ शकली, शेवटचं १९७० मध्ये. तरीही ती मांडावीत. राज्यसभेनं २०१५ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबद्दल एका सदस्याचं खासगी विधेयक मंजूर केलं होतं. ते लोकसभेत पुढे गेलं नाही, पण त्यानंतर सरकारलाच या विषयावर विधेयक आणावं लागलं.

सुरक्षेचं नाव काढलं की मंत्री 'माहिती देणं देशहिताचं नाही' म्हणतात. मग विचारून काय उपयोग?

गोपनीय माहिती मागणारा प्रश्न स्वीकारलाच जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण गोपनीय काय आणि उघड काय, यातला फरक प्रश्न लिहिणाऱ्याला कळला पाहिजे. आपल्या घरचंच उदाहरण घ्या.

भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९ चा, वरणगावचा १९६४ चा. वरणगावात बंदुकीच्या गोळ्या बनतात. १ ऑक्टोबर २०२१ ला केंद्रानं आयुध निर्माणी मंडळ मोडलं आणि देशातल्या ४१ कारखान्यांच्या ७ सरकारी कंपन्या केल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, भुसावळ यंत्र इंडियाकडे. शेजारशेजारच्या दोन वसाहती, आणि एका रात्रीत त्यांचे मालक वेगळे झाले. एकाचं मुख्यालय पुण्याला, दुसऱ्याचं नागपूरला. कामगारांना नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर, म्हणजे नोकरी सरकारची आणि काम कंपनीत असं, दाखवलं गेलं आणि त्या प्रतिनियुक्तीची मुदत नंतर वाढवत नेली गेली. ज्या घरात आजोबा, वडील आणि आता मुलगा असे तिघं त्याच गेटमधून आत गेले, तिथे 'आपण नक्की कुणाचे नोकर' हा प्रश्न जेवताना निघतो.

आता खासदारानं विचारलं, 'वरणगावात महिन्याला किती गोळ्या बनतात?' तर उत्तर मिळणार नाही, मिळूही नये. पण 'दोन्ही कारखान्यांत मंजूर पदं किती, भरलेली किती? प्रतिनियुक्तीची मुदत कधी संपते आणि त्यानंतर सेवाशर्तींचं काय? गेल्या ५ वर्षांत किती अपघात झाले? स्थानिक आयटीआयमधून किती शिकाऊ उमेदवार घेतले?' यातलं एकही अक्षर शत्रूच्या कामाचं नाही, भुसावळकरांच्या मात्र सगळं कामाचं आहे.

जे सभागृहात उघड बोलता येत नाही, त्यासाठी संसदेच्या स्थायी समित्या आहेत. संरक्षणाच्या समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री त्यात नसतो. बैठका बंद दाराआड होतात, अधिकाऱ्यांना बोलावून उत्तरं घेतली जातात, आणि कॅमेरा नसल्यामुळे तिथे वेगवेगळ्या पक्षांचे लोकही नीट बोलतात. तुमचा खासदार कुठल्या समितीवर आहे हे माहीत करून घ्या. निवडणुकीत त्याबद्दल कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सामाजिक प्रश्न आणि सुरक्षा हे वेगळे विषय नाहीत का?

राईनपाडा आठवतं?

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी पाड्यात भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ५ जण आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्याआधी मोबाइलवरून पसरली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

हा सामाजिक प्रश्न की सुरक्षेचा? भटक्या समाजाच्या माणसाकडे बघण्याची नजर हा सामाजिक प्रश्न. पोलीस वेळेवर न पोचणं हा सुव्यवस्थेचा. अफवेला आवर घालणं हा दूरसंचाराचा, म्हणजे केंद्राचा. जमावाच्या हत्येला वेगळी कलमं असावीत का, हा कायद्याचा. एका खोलीत चारही प्रश्न होते, आणि ती खोली आपल्या जिल्ह्यात होती.

त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं जमावाच्या हिंसेबद्दल निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, अफवांवर लक्ष ठेवा, पीडितांना भरपाई द्या, असं सांगितलं आणि संसदेला स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश एका वेळी ५ पेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणलं. भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर ६ वर्षं होत होती त्या दिवशी. तिच्या कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे.

आता खान्देशच्या लोकप्रतिनिधीनं विचारायचा प्रश्न हा: निव्वळ अफवेतून झालेला राईनपाड्यासारखा खून या 'तशाच कारणा'त बसतो का? कलमात अफवेचा उल्लेख नाही. हा प्रश्न दिल्लीच्या तज्ज्ञानं विचारण्यात आणि धुळ्याच्या माणसानं विचारण्यात फरक आहे. धुळ्याच्या माणसाला ती खोली माहीत आहे.

असंच आधारचं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आधार, त्यातली माहिती किती सुरक्षित, बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून रेशन अडतं का, यावर देशभर वाद झाले. सुरुवात जिथून झाली त्या जिल्ह्याचा अनुभव त्या वादात सगळ्यात आधी ऐकू यायला हवा होता.

सभागृहात काहीही बोललं तरी चालतं का?

खटला होत नाही. अनुच्छेद १०५ नं खासदाराला आणि १९४ नं आमदाराला सभागृहातल्या भाषणासाठी न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिलं आहे. मात्र लाच घेऊन भाषण किंवा मतदान केलं तर ते संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांच्या पीठानं ४ मार्च २०२४ ला स्पष्ट केलं. तेच शब्द चौकातल्या सभेत उच्चारले, तर तुमच्या-माझ्यासारखाच कायदा लागू.

सभागृहातही चौकट आहे. असंसदीय शब्द कामकाजातून काढले जातात. न्यायाधीशांच्या वर्तनावर, त्यांना पदावरून हटवण्याचा प्रस्ताव सोडला तर, चर्चा करता येत नाही. न्यायप्रविष्ट प्रकरणावर बोलण्याचं टाळलं जातं. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे भाग धुळे लोकसभेत येतात. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल लागला ३१ जुलै २०२५ ला, सातही आरोपी निर्दोष सुटले. जवळपास १७ वर्षं प्रकरण न्यायालयात होतं. त्या काळात प्रकरणाच्या गुणदोषांवर बोलणं अवघड होतं, पण खटला इतका का लांबतो आहे, जखमींना मदत मिळाली का, हे विचारता येत होतं.

पक्षाच्या मताविरुद्ध बोललं तर पद जातं का?

पक्षादेश, म्हणजे व्हिप, मतदानाला लागतो. नुसत्या वेगळ्या मतानं सदस्यत्व जात नाही. पुढच्या वेळी तिकीट जाऊ शकतं, आणि बहुतेकांना भीती तिचीच असते. अशा वेळी मतदारसंघातून गेलेली हजार पत्रं सदस्याच्या पाठीशी उभी राहतात.

सभामंडप बांधला तर दिसतो. भाषणाचं काय दिसतं?

आश्वासन दिसतं, फक्त ते बघायची सवय हवी. मंत्र्यानं उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे', 'विचार केला जाईल' असं म्हटलं, की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. लोकसभेत ते ३ महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती आहे, आपल्या विधिमंडळातही आहे. चांगला सदस्य भाषण करून मोकळा होत नाही. तो तारीख लिहून ठेवतो आणि पुढच्या अधिवेशनात तेच पुन्हा विचारतो.

आम्ही पत्र लिहिलं, उत्तरच आलं नाही. काय चुकलं?

माझंही एक पत्र असंच गेलं होतं. सैन्यातून परतलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या कामासाठी मी तीन पानं लिहिली, त्यात देशभक्ती खूप होती आणि माहिती फारशी नव्हती. ज्यांना लिहिलं त्यांच्याकडून पोचही आली नाही. राग आला. वर्षभरानं ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की त्यातून प्रश्न तयार करता येण्यासारखं एक वाक्य नव्हतं.

दुसरं पत्र एका पानाचं केलं. कुठला विभाग, कुठल्या तारखेचा आदेश, काय अडलं, आणि खाली सरळ तीन ओळी: 'सभागृहात हे विचारावं.' सोबत कागदांच्या प्रती. या वेळी फोन आला.

म्हणून सांगतो, पत्रात मत कमी, तपशील जास्त लिहा. गाव, तालुका, तारीख, कार्यालय. एका पत्रात एकच विषय. अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधी पोचेल असं पाठवा, कारण प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते. खासदाराचा विषय आमदाराला पाठवू नका. दोघांशीही संबंध असेल तर दोघांना पाठवा आणि तसं पत्रात लिहा. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या कार्यकर्त्यांकडून मी हे शिकलो. वनहक्काचे दावे, कुपोषण, सरदार सरोवराच्या विस्थापितांचं पुनर्वसन यांवर त्यांच्या पिशवीत कायम पाड्यानुसार यादी असायची.

सभागृहात अहिराणीत बोलता येतं का?

संसदेत मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय आहे. आपली अहिराणी बोली घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे तिथल्या भाषांच्या यादीत, नाही. पण हिंदी किंवा इंग्रजीत नीट व्यक्त होता येत नसेल, तर पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात, तशी तरतूद घटनेतच आहे. 'आमनं कोन आयकस' हे वाक्य त्याच शब्दांत एकदा तरी कामकाजात नोंदलं जावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आपला खासदार काय बोलला हे नेमकं कुठे वाचायचं?

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावानं शोधा. त्यानं विचारलेले प्रश्न, मंत्र्यांची उत्तरं, भाषणं, सगळं तारखेनुसार मिळतं. चित्रफीत संसद टीव्हीवर. राज्याचं कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर, मराठीत. मोबाइलवर जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती दहा मिनिटांत काढून देईल. उत्तराची प्रत छापून वाचनालयाच्या फलकावर लावा. आमच्याकडे लावतो, लोक उभं राहून वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर नवा प्रश्न घेऊन येतात.